मध्यरात्रीनंतरची दुसरी किल्ली

नागपूर आणि नाशिक यांच्या साधारण मध्यावर आमचे मुक्ताईनगर येते. अकोला, खामगाव, मलकापूर मागे टाकीत येणारा महामार्ग गावाच्या अंगावरून भुसावळ, जळगाव, धुळ्याकडे जातो. सरकारदरबारी त्याचा क्रमांक आता त्रेपन्न झाला आहे; जुन्या माणसांच्या तोंडी तो अजून ‘सहा नंबर’च आहे. अलीकडच्या काही वर्षांत तो चौपदरी झाला आणि त्याची रात्रही बदलली. पूर्वी रात्री दहानंतर ट्रकच्या दिव्यांची एकेक जोडी लांबून दिसायची, आता रांगच असते. या रस्त्याला मध्ये ठेवून दोन दिशांना असलेल्या दोन शहरांतल्या दोन डॉक्टरांनी जून २०१७मध्ये एक विलक्षण गोष्ट केली. नाशिकचे लष्करी डॉक्टर लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ या दोघांनी अमेरिकेचा पश्चिम किनारा ते पूर्व किनारा हे सुमारे ४,८०० किलोमीटरचे अंतर एकट्याने सायकल चालवून बारा दिवसांच्या मुदतीच्या आत पार केले. ‘रेस अॅक्रॉस अमेरिका’ या नावाने ओळखली जाणारी ही शर्यत एकेरी गटात पुरी करणारे गोकुळनाथ पहिले भारतीय ठरले आणि काही तासांच्या अंतराने समर्थ दुसरे. त्याआधी दोन वर्षे, २०१५ साली, नाशिकच्याच डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी ती जोडीने, आळीपाळीने सायकल चालवून पुरी केली होती.

त्या वेळी वर्तमानपत्रांतून जे लिहून आले त्यात ‘जिद्द’ हा शब्द प्रत्येक मथळ्यात होता. सत्कार झाले, भाषणे झाली, शाळाशाळांतून मुलांना सांगितले गेले की झोप बाजूला सारा, थकवा विसरा, मग काहीही शक्य आहे. यात वाईट काही नाही. सत्काराच्या व्यासपीठावर जिद्दीखेरीज दुसरे काय बोलणार? परंतु या प्रकाराची जी माहिती उपलब्ध आहे ती जरा खोलात जाऊन वाचली, की ध्यानात येते ते वेगळेच. बारा दिवस सायकल चालवणाऱ्या माणसाला तारते ती जिद्द नव्हे. जिद्द त्या शर्यतीला गेलेल्या प्रत्येकाकडे असते; जे अर्ध्यावर खाली उतरतात त्यांच्याकडेही असते. तारते ती एक साधी, जवळजवळ कारकुनी म्हणावी अशी व्यवस्था. मध्यरात्रीनंतर काय करायचे हे आदल्या दिवशी, उजेडात, झोप झालेल्या डोक्याने ठरवून ठेवायचे, आणि रात्री त्या ठरावात बदल करण्याचा अधिकार स्वतःकडे ठेवायचा नाही. आयुष्याची तीसेक वर्षे बँकेत काढलेल्या माणसाला ही व्यवस्था ओळखीची वाटली म्हणून हा लेखनप्रपंच.

आधी हिशेब पाहू. बारा दिवसांत ४,८०० किलोमीटर म्हणजे रोजचे चारशे. मुक्ताईनगरहून निघून महामार्गाने जवळपास नागपूर गाठावे, दुसऱ्या दिवशी परत यावे, तिसऱ्या दिवशी पुन्हा निघावे, असे बारा दिवस. वाटेत आधी वाळवंट, मग रॉकी पर्वताचे चढ, मग मैलोगणती सपाट कॅन्सास, आणि शरीर खलास झालेले असताना शेवटी पुन्हा डोंगर. हे अंतर कापायचे तर चोवीस तासांतले वीस-एकवीस तास खोगिरावर जातात. झोपेला उरतात दोन-तीन तास, तेही सलग मिळतीलच असे नाही. ढुंगणाला फोड येतात, हाताची बोटे बधिर होतात, पायाला सूज येते. ही दुखणी सायकलवाले चेष्टेवारी नेतात. एक दुखणे मात्र चेष्टेचे नाही. तासन्‌तास मान वर धरून मानेमागचे स्नायू अखेर संप पुकारतात आणि मुंडके छातीवर पडते, ते काही केल्या उचलत नाही. या शर्यतीचा जन्म १९८२ सालचा, चार गड्यांनी मिळून केलेला. त्यांपैकी मायकेल शर्मर यांना पुढच्या वर्षी हे झाले, म्हणून त्या विकाराला त्यांचेच नाव चिकटले. हाताने हनुवटी वर धरून, मानेला पट्टे बांधून माणसे पुढे गेलेली आहेत.

तरीही मान हा शरीराचा भाग. ती पडली की दिसते. डोके असे दिसण्याजोगे पडत नाही.

स्लोव्हेनियाच्या लष्करातला युरे रोबिच हा गडी ही शर्यत पाच वेळा जिंकला. त्याच्या इतका टणक माणूस या खेळाने क्वचितच पाहिला असेल. शर्यतीच्या चौथ्या-पाचव्या दिवशी त्याला मागून घोड्यावर बसलेले, बंदुका रोखलेले दाढीवाले दिसायचे. तो त्यांच्यापासून जीव वाचवायला आणखी जोरात पाय मारायचा. अमेरिकेत घरांसमोर खांबांवर टपालाच्या पेट्या असतात. कधी त्या पेट्या त्याच्यावर चालून यायच्या आणि तो सायकल टाकून त्यांच्याशी मारामारी करायला उतरायचा. त्याच्या यशाचे इंगित लोक त्याच्या मांड्यांत शोधत. ते होते मागून येणाऱ्या गाडीत. शर्यत थोडी पुढे गेली की कधी खायचे, कधी झोपायचे, किती झोपायचे, वेग किती ठेवायचा, यातले काहीही ठरवण्याचा अधिकार रोबिचला नसे. तो त्याने आपण होऊन आपल्या माणसांच्या हवाली केलेला असे. त्याने पाय मारायचे, विचार त्यांनी करायचा. घोडेस्वार दिसतात की नाही यावर वाद घालण्याची सोयच ठेवलेली नव्हती. पुढे २०१०च्या सप्टेंबरात, पाचवी शर्यत जिंकून नुकतेच तीन महिने झाले होते, तो आपल्याच देशात सराव करताना मोटारीशी टक्कर होऊन गेला. त्या अपघाताचा जागरणाशी संबंध नव्हता, हेही नोंदवले पाहिजे.

याच शर्यतीचा एक नियम मला फार महत्त्वाचा वाटतो. रात्र पडली की एकेरी स्वाराने आपल्या मागच्या गाडीच्या दिव्यांच्या उजेडातच राहायचे. गाडी मागे नसेल तर रात्री रस्त्यावर यायचे नाही, मग तुम्ही कितीही मोठे असा. म्हणजे ‘एकट्याने’ केलेल्या या प्रवासातली एकही रात्र खरोखर एकट्याची नसते. गोकुळनाथ आणि समर्थ या दोघांच्याही मागे अशी पथके होती. त्यांच्या पराक्रमात यामुळे उणेपणा येतो असे कुणाला वाटत असेल तर त्याने एक गोष्ट ध्यानात घ्यावी. गोकुळनाथांनी २०१६ सालीही हीच शर्यत धरली होती. ती त्यांना अर्धवट सोडावी लागली. त्या वर्षीच्या सोडण्याचे सत्कार झाले नाहीत, होणारही नव्हते. पण सोडले म्हणून माणूस धडपणी घरी आला, आणि आला म्हणून पुढच्या वर्षी पुन्हा जाऊ शकला.

आता बँकेकडे येतो. ज्यांनी जुन्या काळची शाखा आतून पाहिली आहे त्यांना स्ट्राँगरूमची दोन किल्ल्यांची रीत माहीत असेल. तिजोरी एका किल्लीने उघडत नाही. एक किल्ली रोखपालाकडे, दुसरी अधिकाऱ्याकडे. दोघे समोर असल्याखेरीज दार हलायचे नाही. नव्याने लागलेल्या पोरांना वाटायचे, हा अविश्वास आहे. मी अनेकांना सांगत आलो की हा अविश्वास माणसावर नाही, संध्याकाळी सहाच्या माणसावर आहे. सकाळी दहाला जो रोखपाल प्रामाणिक आणि तल्लख असतो, तोच दिवसभर नोटा मोजून संध्याकाळी प्रामाणिक असतो, पण तल्लख नसतो. दुसरी किल्ली त्याच्या चारित्र्यासाठी नसून त्याच्या थकव्यासाठी आहे.

वर्षअखेरीची रात्र तर याचे उत्तम प्रात्यक्षिक होती. संगणक येण्यापूर्वी जाडजूड लेजरांतून हाताने बाकी उतरवायची आणि बेरीज जनरल लेजरशी जुळवायची. ती पहिल्या फटक्यात जुळली असे मी तरी पाहिले नाही. फरक यायचा. फरकाला नऊने भाग गेला की जाणकार म्हणायचे, कुठेतरी आकड्यांची अदलाबदल झाली आहे, त्रेसष्टचे छत्तीस झाले आहेत. मग शोध सुरू. आमच्या एका शाखेत एक जुने अकौंटंट होते. रात्रीचे अकरा वाजले की ते उठून सगळी लेजरे मिटवीत आणि सगळ्यांना घरी पाठवीत. तरुण मंडळी चरफडायची; फरक अडीचशे-तीनशे रुपयांचा असायचा आणि ‘आता सापडेलच’ असे प्रत्येकाला वाटायचे. ते म्हणायचे, ‘अकरानंतर जुना फरक सापडत नाही, नवा तयार होतो.’ दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिऊन बसले की तोच फरक पंधरा मिनिटांत समोर यायचा. ज्या पानावर आदल्या रात्री चार जणांची बोटे फिरून गेली, त्याच पानावर.

या अकौंटंटसाहेबांच्या म्हणण्याला पुढे शास्त्राचा आधार मिळाला. १९९७ साली ऑस्ट्रेलियातल्या ड्रू डॉसन आणि कॅथरिन रीड या संशोधकांनी ‘नेचर’मध्ये एक छोटासा लेख प्रसिद्ध केला. काही लोकांना त्यांनी जागे ठेवले, आणि दुसऱ्या खेपेला त्यांनाच मोजून दारू पाजली. दोन्ही वेळा हात आणि डोळा यांचा मेळ तपासला. सलग सतरा तास जागलेल्या माणसाची स्थिती, रक्तात शंभर मिलिलिटरमागे पन्नास मिलिग्रॅम मद्य असलेल्या माणसासारखी निघाली. चोवीस तासांनंतर ती जवळजवळ शंभर मिलिग्रॅमपर्यंत गेली. आपल्या मोटार वाहन कायद्यात दारू पिऊन गाडी चालवल्याच्या गुन्ह्याची मर्यादा तीस मिलिग्रॅमची आहे. म्हणजे पहाटे पाचला उठलेला माणूस रात्री दहाला स्टिअरिंगवर असेल, तर कायद्याच्या हिशेबाने तो प्यायलेल्याच्या पलीकडे गेलेला असतो. फरक इतकाच की फुंकर मारून जागरण मोजणारे यंत्र पोलिसांकडे नाही. त्यातून दारू पिणाऱ्याला निदान आपण घेतली आहे एवढे तरी आठवत असते. जागलेल्याला, आपण ठणठणीत आहोत असेच वाटत राहते, आणि खरा घात तिथे आहे. विझायला लागलेले डोके स्वतःच्या विझण्याची नोंद ठेवू शकत नाही.

पहाटे तीन ते पाच हा तर शरीराचा ओहोटीचा काळ. अंगाचे तापमान सगळ्यात खाली, डोळे उघडे असतानाच मेंदू दोन-चार सेकंदांच्या डुलक्या घेतो. ताशी वीस किलोमीटरने जाणारी सायकल चार सेकंदांत वीस-बावीस मीटर पुढे जाते; ट्रक त्याच्या तिप्पट-चौपट. लांब पल्ल्याचे जाणते सायकलवाले या वेळेला डोळे वटारून सामोरे जात नाहीत. एखाद्या पेट्रोल पंपाच्या नाहीतर देवळाच्या ओट्यावर सायकल टेकवतात, घोटभर कडक चहा घेतात आणि वीस मिनिटांचा गजर लावून आडवे होतात. चहा अंगात भिनायला तेवढा वेळ लागतोच. उठतात तेव्हा डुलकीचा आणि चहाचा गुण एकदम हाती येतो. आमच्याकडच्या टपरीवाल्यांना हे शास्त्र न वाचता ठाऊक असते. घाईने चहा ओतून निघू पाहणाऱ्या एका ट्रकवाल्याला इथल्या टपरीवाल्याने सुनावलेले मी ऐकले आहे: ‘टेका ना भो जरासे. रस्ता काही पयून जात नाही.’

पण न झोपणाऱ्याची थोरवी गाण्याची खोड जुनी आहे, आणि तिचा उगम थेट या खेळाच्या जन्मापाशी सापडतो. १८९१ साली पिएर जिफार या फ्रेंच पत्रकाराने आपल्या वर्तमानपत्रातर्फे पॅरिसहून ब्रेस्तला आणि परत, अशी बाराशे किलोमीटरची सायकल शर्यत भरवली. शार्ल तेराँ हा ७१ तास २२ मिनिटांत पहिला आला. तो मागे होता. पुढचा गडी जिएल-लाव्हाल एका ठिकाणी झोपला आहे अशी बातमी त्याला लागली आणि तो अंधारात गुपचूप पुढे निघून गेला. पॅरिसमध्ये त्याचे अफाट स्वागत झाले. ससा आणि कासवाची गोष्ट फ्रान्सच्या रस्त्यावर खरी झाली म्हणा ना! तेव्हापासून जो झोपला तो हरला हे समीकरण पक्के झाले. गंमत अशी की याच वाटेवर आज दर चार वर्षांनी जे हजारो लोक जातात त्यांच्यात शर्यत नसते. मुदत नव्वद तासांची, पहिला-दुसरा नंबर नाही, आणि वाटेतल्या ठाण्यांवर झोपायला खाटा असतात.

आपल्याकडेही गेल्या काही वर्षांत शहरोशहरी जी ‘ब्रेव्हे’ होतात ती याच घराण्यातली. दोनशे किलोमीटरला साडेतेरा तास, तीनशेला वीस, चारशेला सत्तावीस, सहाशेला चाळीस. हाती एक कार्ड देतात. वाटेतल्या प्रत्येक ठाण्यावर त्यावर वेळ घालून शिक्का घ्यायचा. उशिरा पोचलात तर बाद, आणि ठाणे उघडण्याआधी पोचलात तर शिक्क्यासाठी ताटकळत बसा. फार जोरात जाणाऱ्याला ताटकळत ठेवणारा हा नियम ज्याने केला त्याला बँकेत ठेवून घेतला असता. चारशे आणि सहाशेला रात्र चुकत नाही. आमच्याकडे पारा पंचेचाळीसच्या वर जातो त्या दिवसांत तर शहाणा माणूस रात्रच पत्करील. सायकलला पुढचा-मागचा दिवा आणि अंगात चमकणारे जाकीट नसेल तर निघूच देत नाहीत. इथे मागे गाडी नसते, किंबहुना ठाण्याखेरीज कुणाची मदत घ्यायलाच मनाई असते. मग दुसरी किल्ली कोणाकडे? ती त्या कार्डाकडे आणि निघण्यापूर्वी कागदावर लिहून ठेवलेल्या बेताकडे. अमुक गावी साडेअकराला पोचायचे, दीडला थांबून झोपायचे, त्या वेळी कितीही ताजेतवाने वाटले तरी झोपायचे. हा बेत ज्यांनी मोडला त्यांच्यातलेच बरेचसे पहाटे रस्त्याकडेच्या पुलाच्या कठड्यावर बसलेले सापडतात.

आम्हा मुक्ताईनगरकरांना ही कल्पना परकी वाटण्याचे कारण नाही. मुक्ताबाईची पालखी दरवर्षी इथून पंढरपूरला निघते. बुलढाणा, जालना, बीड या वाटेने साधारण महिनाभराची चाल. त्या चालीचे वेळापत्रक आधी छापलेले असते, आणि त्यात चालण्याच्या बरोबरीने ‘दुपारचा विसावा’ आणि ‘मुक्काम’ ही नावे असतात. अंगात जोर आहे म्हणून कुणी मुक्कामाचे गाव ओलांडून पुढे जात नाही, आणि गेला तर त्याला कुणी थोर म्हणत नाही. सत्तरीची म्हातारी पंढरपूरला पोचते ती तिच्या पायांमुळे जितकी, तितकीच त्या छापील विसाव्यामुळे. तापी-पूर्णेच्या संगमावरच्या चांगदेवाची कथा तर लहान पोरालाही ठाऊक आहे. चौदाशे वर्षांच्या योगसामर्थ्यावर वाघावर बसून आलेला तो योगी, आणि त्याने धाडलेले कोरे पत्र पाहून, इतकी वर्षे घालवून हा कोराच राहिला, असे म्हणणारी एवढीशी मुक्ताई. किलोमीटरचे आकडे छातीवर लावून फिरणारे काही सायकलवीर पाहिले की मला ते पत्र आठवते. असो; हा जरा टोमणा झाला.

इथवर जे लिहिले ते हौसेने रात्र पत्करणाऱ्यांविषयी. त्यांच्याकडे नियम आहेत, मागे गाडी आहे, जाकीट आहे, कार्ड आहे. तरीही ही वाट निर्धोक नाही. २०१७ सालीच, गोकुळनाथ-समर्थांच्या आधी अडीच महिने, माइक हॉल हा इंग्लंडचा नामांकित स्वार ऑस्ट्रेलियाच्या आरपार जाणाऱ्या शर्यतीत कॅनबेराजवळ पहाटेच्या अंधारात मोटारीची धडक बसून ठार झाला. त्या शर्यतीत मागे गाडी ठेवायची नव्हती. इतक्या अनुभवी माणसाची ही गत, तर मग ज्यांना रात्र हौसेने नव्हे, गरजेने पत्करावी लागते त्यांच्याकडे पाहिले पाहिजे.

ते आमच्या महामार्गावर रोज असतात. शेतीपंपाची लाइट आठवड्यातले काही दिवस रात्री येते. मोटर चालू करायला, व्हॉल पालटायला शेतकरी रात्री बारा-एकला सायकलवर नाहीतर मोटरसायकलवर निघतो. दिवसभर तो शेतातच राबलेला असतो. डॉसन-रीडच्या तक्त्यात त्याला बसवून पाहा. शेतीला दिवसा वीज देण्यासाठी मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना राज्याने २०१७ साली आणली, २०२३मध्ये तिला दुसऱ्या रूपात वेग दिला. या योजनेकडे सगळे पैशांच्या आणि मेगावॅटच्या हिशेबाने बघतात. माझ्या मते तिचे सगळ्यात मोठे देणे झोप हे आहे, आणि ज्या फीडरवर ती पोचली तिथल्या माणसांना विचारले तर तेही आधी हेच सांगतील. ती जिथे पोचली नाही तिथे विंचू-साप आणि महामार्ग हे दोन्ही ओलांडून माणसे रात्री पाण्यावर जातात.

तसाच ट्रकवाला. रावेर, सावदा, मुक्ताईनगरची केळी दिल्लीकडे जातात. केळी नाशिवंत माल; उशीर झाला की भाव पडतो, म्हणून चालकाला तास बांधून दिलेले असतात. मोटार वाहतूक कामगारांसाठी दिवसाला आठ तास आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांची मर्यादा कायद्याने १९६१ सालीच घातली होती. ती प्रत्यक्षात किती पाळली गेली हे कुठल्याही ढाब्यावर पाच मिनिटे बसले तरी कळते. अमेरिकेतल्या त्या शर्यतीत झोपेचा निर्णय स्वाराच्या हातून काढून त्याच्या हितचिंतकांकडे दिलेला असतो. आमच्या चालकाच्या हातूनही तो काढलेला आहे. फक्त दिला आहे तो ज्याला माल वेळेवर हवा आहे त्याच्याकडे. दुसरी किल्ली आहे, पण ती चोराच्या हाती द्यावी तशी चुकीच्या खिशात आहे. ट्रान्सपोर्टवाल्यांना आणि व्यापाऱ्यांना हे वाक्य झोंबेल, त्याला माझा इलाज नाही. निघण्याच्या वेळेबरोबर सक्तीच्या थांब्याची वेळ बिल्टीवर लिहिण्याला काही खर्च येत नाही. ब्रेव्हेच्या कार्डावर जे जमते ते बिल्टीवर न जमण्याजोगे काय आहे?

राहिला साधा सायकलवाला. एके काळी रात्री दिव्याशिवाय सायकल चालवली तर पोलीस धरायचे, आणि दंड चुकवायला लोक चौक आला की खाली उतरून सायकल हाती धरून चालायचे. पुढे चाकाला घासून चालणारा डायनामो आला. पाय थांबला की त्याचा उजेडही जायचा, पण होता. तो डायनामो गेला, दंडही गेला, आणि सायकल अंधारी झाली. २०२० साली केंद्र सरकारने सायकलींना लावायच्या परावर्तकांसाठी गुणवत्ता नियंत्रणाचा आदेश काढला, तो नव्या सायकलींपुरता. पहाटे केळी कापायला निघणाऱ्या मजुराची सायकल नवी नसते. त्याच्या मागच्या मडगार्डवर लाल काचेची नुसती जागा असते, काच केव्हाच फुटलेली. ऊसतोडीच्या हंगामात बैलगाड्यांना आणि ट्रॉल्यांना तांबडे परावर्तक चिकटवण्याच्या मोहिमा आपल्याकडे होतात, आणि त्यांचा उपयोग ट्रकवालेच सांगतात. सायकलींसाठी तीच मोहीम केळीच्या वजनकाट्यावर, रोजंदारी वाटतात तिथे करता येईल. पट्टीचा एक गठ्ठा आणि तो चिकटवणारा एक माणूस एवढीच सामग्री लागते. कापणीच्या टोळ्या दिवस उगवायच्या आधी निघतात, तेव्हा हे काम आदल्या संध्याकाळी, उजेड आहे तोवर झालेले बरे.